हळदीचं बोट

खिशातला मोबाइल बंद करा. तिथे रेंज नाही, आणि चुकून वाजलाच तर चिमण्या उडतील. बाकी सामान काही नको. तुम्ही तिथे दिसाल, पण तुमच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. मुंबईत तेव्हाही कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती.

पाय टेकतात ते मातीवर. चेंबूर आहे हे. तुम्ही सवयीने मान वर करून मोनोरेलचे खांब शोधता. खांब नाहीत, उड्डाणपूल नाही, रिक्षाचा घुर्र आवाज नाही. झाडी आहे, आणि झाडीत मधूनच एखादं घर. साल १९०६-०७. खेतवाडीतलं एक भरलं कुटुंब इथे सुटीच्या मुक्कामाला आलंय. त्यांच्या तबेल्याकडे चला. घोड्यांच्या लिदीचा, ओल्या गवताचा वास येतोय ना? त्या वासामागून आत जा आणि दाराशीच थांबा.

भिंतीत एक भोक आहे. आत चिमणी अंड्यांवर बसलीय. भोकाजवळ खिळ्यावर चिमणा पहारा देतोय, मान इकडे, मान तिकडे. आणि उभ्या घोडागाडीच्या आड दहा-एक वर्षांचा किडकिडीत पोरगा, हातात छर्‍यांची बंदूक. तुम्ही ‘अरे’ म्हणायच्या आत ‘फट्’ होतं आणि चिमणा खाली पडतो.

थांबा, बंदूक हिसकावू नका. पुढे काय होतं ते बघा. थोडा वेळ जातो न जातो तोच त्या खिळ्यावर दुसरा चिमणा येऊन बसतो. तोच रुबाब, तोच पहारा. चिमणीने जणू राखीव ठेवलेला. फट्. मग तिसरा. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून आठ चिमणे पडतात, आणि दर वेळी चिमणीला नवा जोडीदार मिळतो. पोरगा हे सगळं वहीत टिपून ठेवतोय.

तुम्ही तोंड फिरवलंत. मीही फिरवलं होतं, ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा. प्राणिमात्रांवर माया करायला शिकवणार्‍या माणसांना भेटवतो म्हणून तुम्हाला इथे आणलं आणि पहिल्याच पावलाला आठ खून दाखवले. पण प्रवास इथूनच सुरू होतो, त्याला इलाज नाही. भारतातल्या पक्ष्यांवर या माणसाइतकं प्रेम फार थोड्यांनी केलं असेल, आणि त्याच्या हातात सुरुवातीला बंदूकच होती. नेम लागल्याचा आनंद कुठल्याही पोराला होतो. नेम लागल्यावर वही काढणारा पोरगा मात्र वेगळा असतो. ही नोंद पुढे साठ-एक वर्षांनी छापली गेली, तेव्हा पक्षिशास्त्र शिकलेल्या लोकांनाही त्यात वाचण्यासारखं काही सापडलं.

पोराचं नाव सलीम. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, भावंडांत शेंडेफळ. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या अनाथ भाचरांना पोटाशी घेतलं. मामा शिकारी माणूस. बंदूक भाच्याच्या हाती दिली ती त्यांनीच.

खेतवाडीच्या घरात डोकावून घ्या, फार वेळ नको. स्वयंपाकघरामागे वेताच्या टोपल्यांत जिवंत तित्तिर आणि लावे आणलेत, जेवणासाठी. सलीम खानसाम्याची मनधरणी करतोय, यातला एक तरी मला दे म्हणून. असे सुटलेले पक्षी तो जाळीच्या खुराड्यात पाळतो. एकाच घरात, एकाच पोराच्या मनात, पक्षी ताटातही आहे आणि खुराड्यातही. तुम्हाला विसंगती वाटेल. आपल्याकडे ज्याच्या अंगणात कोंबडी असते त्याला ती वाटणार नाही.

आता १९०८. महिना आपण वैशाख घेऊ, आंब्यासाठी.

पोराने आणखी एक चिमणी पाडलीय. तळहातावर घेऊन तो हलाल करायला निघालाय, आणि थबकलाय. जवळ जा, त्याच्या खांद्यावरून बघा. चिमणीच आहे. तशीच चोच, तशीच मळकी राखाडी पाठ. पण गळ्याखाली एक पिवळा ठिपका आहे. हळदीकुंकवाला आलेल्या कुणा बाईने जाता जाता बोट पुसावं तसा.

पोराचा प्रश्न सरळ आहे. चिमणी खायला चालते. पण ही चिमणी आहे का? नसेल तर चालते का?

इथे नीट कान द्या. पोरगा मामांकडे जातो. मामा अनुभवी शिकारी, हाताखालून किती पक्षी गेले असतील त्याची गणती नाही. ‘चिमणीच आहे रे, जा’ एवढं म्हणून ते मोकळे झाले असते तर कुणी त्यांना खोटं पाडलं नसतं. आपण रोज असे मोकळे होतोच. गॅलरीतून पोरगी हाक मारते, ‘बाबा, हा कुठला पक्षी?’ आणि आपण मोबाइलवरून मान न काढता सांगतो, ‘कावळा असेल.’ अमिरुद्दीन मामा तसं करत नाहीत. त्यांनाही हा पक्षी ओळखता येत नाही, आणि ते लपवावं असं त्यांना वाटत नाही. मुंबईत निसर्गाचा अभ्यास करणार्‍यांची एक संस्था आहे, मामा तिचे सभासद आहेत. तिथल्या सेक्रेटरीच्या नावे ते एक चिठ्ठी लिहून देतात. पोराने चिमणी कागदात गुंडाळून घ्यायची, चिठ्ठी घ्यायची आणि जायचं.

या गोष्टीत मिलर्ड नावाच्या साहेबाचं कौतुक सगळे करतात. मला त्याआधी ती चिठ्ठी दिसते.

चला फोर्टात. विजेवरची ट्राम सुरू होऊन वर्ष झालंय, घोड्यांची ट्राम इतिहासजमा झालीय. ट्रामच्या ठणठणाटातून पोरगा कागदाची पुडी छातीशी धरून चाललाय, तुम्ही दोन पावलं मागे. अपोलो स्ट्रीट, सहा नंबर. आज त्या रस्त्याला मुंबई समाचार मार्ग म्हणतात. दारावर ‘फिप्सन आणि कंपनी’ अशी पाटी. विलायती दारूची पेढी आहे ही. पत्ता चुकला नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी इथेच, दारूवाल्याच्या जागेत नांदतेय, आणि बावीस वर्षं नांदतेय.

दारात उभं राहून तेवढी हकिगत ऐकून घ्या, पोरगा तसाही आत जायला घाबरतोय. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. सहा गोरे, दोन आपले. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. त्या आठ जणांनी ही संस्था काढली. किडे, साप, पक्षी, शिंगं जमायला लागली आणि ठेवायला जागा पुरेना, तेव्हा हर्बर्ट फिप्सनने आपल्या दुकानात जागा करून दिली. या फिप्सनची बायको एडिथ पीची, कामा हॉस्पिटलची डॉक्टर. रखमाबाईंच्या डॉक्टरकीच्या शिक्षणामागे ती उभी राहिली. मुंबईचे धागे असे एकमेकांत अडकलेले असतात. एक ओढला की दुसरीकडचं कापड हलतं. आता फिप्सन विलायतेला परत गेलाय आणि पेढीही, संस्थेचं सेक्रेटरीपदही डब्ल्यू. एस. मिलर्डकडे आलंय.

आत शिरा. पहिला झटका नाकाला. नॅफ्थलीन, जुना सागवान, कातडी, आणि कुठूनतरी वाइनचा आंबूस वास. दुसरा झटका डोळ्यांना. खुर्चीमागे एक जिवंत धनेश बसलाय. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या उंचीचा पक्षी, पिवळीधमक चोच आणि तिच्यावर टोपीसारखं शिंग. कोकणातली माणसं याला गरूडच म्हणतात. याचं नाव विल्यम. १८९४ साली कारवारहून आला तेव्हा तीन महिन्यांचं पिल्लू होता. फळं खातो, जिवंत उंदीर गिळतो, विंचूही सोडत नाही. एकदा पेटती सिगार गिळून बसला होता आणि त्याला काही झालं नाही. १९२० साली तो मरेल, तारेचा एक तुकडा पोटात गेल्याने. पण त्याचं चित्र संस्थेच्या चिन्हावर बसेल आणि संस्थेच्या इमारतीला त्याचं नाव लागेल. आज शहीद भगतसिंग रोडवरून जाताना ‘हॉर्नबिल हाऊस’ दिसतं ना, ते याच्यामुळे. तूर्तास तो एका डोळ्याने पोराच्या हातातल्या पुडीकडे बघतोय. पुडी घट्ट धरलेली बरी.

पोराने आजवर गोर्‍या साहेबाशी समोरासमोर बोललेलं नाही. घशाला कोरड पडलीय. चिठ्ठी पुढे करताना हात थरथरतोय. तुम्हाला काय वाटतं, मोठी पेढी चालवणारा साहेब, कामाचा दिवस, समोर एक नेटिव्ह पोरगा मेलेली चिमणी घेऊन उभा. काय होईल?

मिलर्ड पुडी सोडतो आणि पक्षी ओळखतो. पिवळ्या गळ्याची चिमणी. आपण तिला रानचिमणी म्हणतो, पुस्तकात पीतकंठी. नाव सांगून झालं, म्हणजे काम झालं होतं. एक मिनिटाचं काम. पण तो उठतो आणि पोराला आत घेऊन जातो, कपाटांकडे.

तुम्हीही जा. इथे मी तुम्हाला हवा तेवढा वेळ देतो.

सागवानी कपाट, त्यात सपाट खण एकावर एक. मिलर्ड एक खण ओढतो. आत ओळीने पक्षी निजलेत, पोट वर, चोची एका दिशेला, पंख अंगाशी आवळलेले. डोळ्यांच्या जागी कापूस. प्रत्येकाच्या तंगडीला दोर्‍याने एक चिठोरी बांधलीय. कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कुणी मिळवला. शाई तपकिरी पडलीय. पोटावरची पिसं अजून मऊ दिसतात, फुंकर मारली तर हलतील. मिलर्ड त्यातली एक चिमणी उचलतो आणि पोराच्या चिमणीशेजारी ठेवतो. तोच पिवळा ठिपका, तसाच, तिथेच. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी वर्षी, कुणी दुसर्‍याच माणसाने मिळवलेली.

मग दुसरा खण. मग तिसरा. पोराला वाटत होतं चिमणी एक प्रकारची असते, फार तर दोन. इथे खणामागून खण उघडताहेत आणि संपतच नाहीत. त्याची मान खणांच्या पातळीवर आलीय. थरथर कधीच थांबलीय. मागे विल्यम घशातून काहीतरी घोगरं बोलतो, पण त्याच्याकडे आता कुणाचंच लक्ष नाही.

‘पक्षी मारू नये, बाळ’ असं मिलर्ड म्हणत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. त्या काळात तो म्हणणारही नव्हता, खण भरले होते ते बंदुकीनेच. तो सांगतो की पक्षी जमवायचा तर नीट जमव. कातडं कसं काढायचं, कसं टिकवायचं, नोंद कशी ठेवायची, ते इथे येऊन शीक. आजच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात हा माणूस बसणार नाही. तिथे प्राणिप्रेमी म्हणजे जखमी कबुतराला पाणी पाजणारा. पाणी पाजावंच. पण कबुतराच्या पलीकडे काय काय आहे हे दाखवणारा माणूस दुर्मिळ असतो, आणि तो नेहमी गोजिरवाणा असतो असंही नाही.

खावी की नाही हा मूळ प्रश्न? तो त्या खणांमध्येच कुठेतरी राहून गेला.

पोरगा पुन्हा येतो, पुन:पुन्हा येतो. तुम्ही दारापाशी उभे राहून बघा, दिवस भराभर सरकताहेत. किनियर नावाचा पगारी क्युरेटर नुकताच आलाय, आणि प्रेटर नावाचा पोरगेलासा मदतनीस. हा प्रेटर पुढे भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक लिहील. सलीम कातडं काढायला शिकतोय. चोचीत कापसाचा बोळा, म्हणजे रक्त पिसांवर येत नाही. छातीच्या हाडापासून खाली एक चीर. मग मोजा काढावा तसं कातडं उलटं करत न्यायचं, घाई केली की फाटतं. आतून सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा, टाके घालायचे, चिठोरी बांधायची. हात भरतात, वास जात नाही. बसून बसून पाठ भरून येते. दहा वेळा पक्षी असा आतून-बाहेरून हाताळला की उडताना दिसलेल्या पक्ष्याचंही हाड न् हाड डोळ्यांपुढे येतं.

हाती पुस्तकंही पडतात. त्यातलं एक मुंबईतल्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं, लेखकाचं नाव नुसतं ‘ईहा’. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हा गृहस्थ सातारचा. खरंच सातारचा, १८५१ साली तिथे जन्मलेला, मिशनर्‍याचा मुलगा. मुंबई-पुण्यात शिकला, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं, मग मीठ आणि जकात खात्यात नोकरी धरली आणि कारवारपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा पायाखाली घातला. भायखळ्याच्या त्या आठांत हाही होता, संस्थेचा पहिला सेक्रेटरी. कावळा, घार, चिमणी, घरातली मुंगी यांच्याबद्दल त्याने असं लिहिलं की वाचणार्‍याला आपल्याच अंगणात परदेशी गेल्यासारखं वाटावं. आमच्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही. सातार्‍यात कंदी पेढ्यांच्या रांगेत उभं राहून विचारून बघा, एकालाही ठाऊक असलं तर मला कळवा.

पोरगा ते पुस्तक वाचतोय तेव्हा एटकिन निवृत्त होऊन एडिंबराला गेलाय. १९०९ साली तो तिथेच वारेल. दोघांची भेट झाली नाही. पण मुंबईचा कावळा सलीमने त्याच्याच डोळ्यांनी नव्याने पाहिला.

मधली वीस-बावीस वर्षं आपण रेल्वेच्या खिडकीतून बघतात तशी बघू. गणिताने कॉलेज नकोसं झालेला तरुण ब्रह्मदेशात तव्हॉयला जातो, घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीच्या धंद्यावर. धंदा बुडतो, रान मात्र पाठ होतं. परत येतो, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकतो. तिथे फादर ब्लाटर त्याच्या पाठीवर हात ठेवतात. १९१८ साली तहमीनाशी लग्न. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागते. ती त्याला पुरत नाही. अभ्यास कच्चा आहे हे कळतं, म्हणून रजा काढून बर्लिनला जातो, श्ट्रेझमान नावाच्या प्राध्यापकापाशी बसतो, आणि परत आल्यावर कळतं की पैशाअभावी ती जागाच रद्द झालीय.

उतरा. किहीम आलं.

१९३०, पावसाळा. अलिबागच्या उत्तरेला समुद्राकाठचं गाव. होडीने रेवसला यायचं झालं असतं तर तुमचा जीव मेटाकुटीला आला असता, तेवढे कष्ट आपले वाचले. पाऊस आत्ताच उघडलाय. नारळाच्या झावळ्यांवरून पाणी ठिपकतंय. भाताच्या खाचरांत बेडकांचा नुसता गलका. समोर कुटुंबाचं एक साधं घर. मुंबईत बिर्‍हाड परवडेना, म्हणून नवराबायको इथे येऊन राहिलीत. माणूस तेहतीस वर्षांचा, नोकरी नाही, पुढच्या महिन्याची खात्री नाही. शेजारपाजारचे काय म्हणत असतील ते तुम्ही आपल्या अनुभवावरून ओळखा. तहमीनाने मात्र तक्रार केली नाही. विलायतेत शिकलेली, उर्दू शायरीत रमणारी ही बाई नवर्‍याच्या रानावनातल्या संसारात मनापासून उतरली होती. सलीम अलींच्या गोष्टीत तिच्या वाट्याला दोन ओळी येतात, इथेही फार आल्या नाहीत, ही माझीही चूक धरा.

घराजवळ झाडावर सुगरणीचे खोपे लटकताहेत. आडोसा करून माणूस बसलाय. हातात दुर्बीण, मांडीवर वही. बंदूक कुठे दिसत नाही. ती त्यांनी कायमची टाकली असं समजू नका. पुढे हैदराबाद, त्रावणकोरच्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हाही नमुने गोळा केलेच, आणि नमुन्यांशिवाय शास्त्र चालत नाही असं ते म्हातारपणीही ठासून सांगत. पण इथे गोळी निरुपयोगी आहे. इथे जे पाहायचंय ते पक्षी जिवंत असतानाच दिसतं.

हळू या, पाय न वाजवता. बघा.

हा नर. एरवी चिमणीसारखाच मातकट असतो. आता विणीचा काळ, म्हणून डोक्यावर आणि छातीवर पिवळाजर्द झालाय. हळद लागलेला नवरदेव. तो भाताच्या पात्याच्या कडेला चोचीने एक खाच करतो, खाचेतली कड चोचीत धरतो आणि उडतो. पातं सर्रकन चिरत जातं आणि हातभर लांब दोरा त्याच्यामागे लोंबत येतो. फांदीला गाठ. गाठीतून फास, फासातून झोपाळ्यासारखं कडं. त्या कड्यात बसून तो चारी बाजूंनी विणत जातो, आणि कड्यावर शिरस्त्राणासारखा घुमट उतरतो. इथे तो थांबतो. अर्धवट घर.

आता माद्या येताहेत, चार-पाच एकदम. सगळे नर आपापल्या अर्ध्या खोप्यांना उलटे लटकून पंख फडफडवायला लागलेत, किलबिलाट असा की कान बंद करावे. एक मादी आत शिरते. विणीला चोच लावून ओढून बघते, इकडे ओढते, तिकडे ओढते. फ्लॅट बघायला आलेली बाई भिंतीवर टिचक्या मारते ना, तशी. पसंत नाही. भुर्र. दुसर्‍याकडे. नराने आठवडाभर खपून केलेलं काम तिथेच लोंबत राहतं.

एखादा खोपा पसंत पडला की मात्र ती हलत नाही. मग नर अंड्यांची खोली पुरी करतो, खाली लांब नळी विणतो, मादी आतलं बघते, अंडी घालते आणि एकटीच उबवते. आणि नर? तो शेजारच्या फांदीवर नवी गाठ मारतोय. दुसरं अर्धं घर, दुसर्‍या मादीसाठी. तिकडे स्थिरस्थावर झालं की जमल्यास तिसरं. एका वेळी एक संसार मांडायचा आणि दुसर्‍याच्या मागे लागायचं, हा सुगरणीचा शिरस्ता या माणसाने किहीमला बसून, खोपा न् खोपा मोजून, पहिल्यांदा नीट उलगडला. १९३१ साली तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून येईल. आठवतो चेंबूरचा खिळा? तिथे एका चिमणीला आठ जोडीदार. इथे उलटा हिशेब. वही तीच, टिपायची सवय तीच.

आता आपल्या मराठीची गंमत बघा. विणणारा नर आणि आपण म्हणतो सुगरण, स्त्रीलिंगी. तिकडे खानदेशात बहिणाबाईंनी शेतात राबता राबता याच खोप्यावर गाणं रचलं, आणि त्यांनीही कौतुक केलं ते सुगरणीचंच. घर म्हटलं की ते बाईनेच उभं केलेलं असणार, ही आपली समजूत इतकी मुरलेली की पक्ष्यालाही तिच्यातून सुटका नाही. खोप्यात काजवे चिकटवून सुगरण दिवा लावते, ही दुसरी समजूत. खोप्यात चिखलाचे गोळे सापडतात. काजवे सापडत नाहीत. मला अजूनही वाटतं सापडायला हवे होते.

तुम्ही बघता बघता पुढे सरकलात. पायाखाली झावळीचा देठ कडकन मोडला.

नर उडाले. गलबला एकदम बंद. आडोशातल्या माणसाने मान वळवली आहे. डॉक्टर सलीम अली, पद्मविभूषण, हे सगळं अजून दूर आहे. आत्ता हा एक बेकार, भिजलेला, वैतागलेला माणूस आहे, आणि पक्षी बघताना आवाज करणार्‍यावर तो कसा चिडतो याच्या कथा मुंबईत पुढे पन्नास वर्षं सांगितल्या जाणार आहेत. तुम्ही पळायच्या बेतात आहात. पण जीभ आधीच वळवळते आणि मघापासून घोळणारा प्रश्न बाहेर पडतो, अगदी शाळकरी पोरासारखा.

‘एकदा नापसंत केलेला खोपा दुसरी कुणी घेते का हो?’

तो तुमच्याकडे बघतो. भुवया अजून चढलेल्याच आहेत. झावळीवरून एक थेंब त्याच्या वहीवर पडतो, तो बाहीने पुसतो. उत्तर देत नाही. बाकावर जरासा बाजूला सरकतो, दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढतो आणि ओठांवर बोट ठेवून बसायची खूण करतो.